अभ्यासक्रमासाठी केस स्टडी कशी सोडवावी आणि कशी लिहावी

केस स्टडीच्या असाइनमेंटमध्ये सर्वाधिक गुण जातात ते केस पुन्हा सांगत बसल्यामुळे. परीक्षकाने ती केस आधीच वाचलेली असते, बहुधा अनेक वर्षे शिकवलेलीही असते. त्यामुळे कंपनीची स्थापना, संस्थापकांची पार्श्वभूमी आणि घटनाक्रम यांवर पहिली दोन पाने खर्च झाली की शब्दमर्यादेचा मोठा हिस्सा वाया जातो. 1870 मध्ये हार्वर्डच्या विधी विद्यालयात ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी नियम पाठ करून घेण्याऐवजी प्रत्यक्ष न्यायनिवाडे वाचून त्यांतून तत्त्व शोधण्याची पद्धत, म्हणजेच केस पद्धत, सुरू केली आणि पुढे 1920 च्या दशकात व्यवस्थापनशिक्षणाने ती आपल्या गरजेनुसार बदलून घेतली. दोन्ही ठिकाणी अपेक्षा एकच होती: समोरच्या पुराव्यावरून विद्यार्थ्याने स्वतः निष्कर्षापर्यंत यावे आणि तो निष्कर्ष टिकवून दाखवावा.

केस उघडण्यापूर्वी प्रश्न वाचावा. ‘कारणे स्पष्ट करा’, ‘निर्णयाचे मूल्यमापन करा’ आणि ‘शिफारस करा’ ही तीन वेगवेगळी कामे आहेत. पहिल्यात घडून गेलेल्या गोष्टीचा कार्यकारणभाव दाखवायचा असतो, दुसऱ्यात कोणीतरी घेतलेला निर्णय निकषांवर तपासायचा असतो, तर तिसऱ्यात निर्णय आपल्याला घ्यायचा असतो. प्रश्न मूल्यमापनाचा आणि उत्तर शिफारशींनी भरलेले, असा प्रकार सर्रास दिसतो.

वाचन आणि आकडे

पहिले वाचन भरभर करावे आणि त्यातून एवढेच टिपावे की निर्णय कोणी घ्यायचा आहे, कशाबद्दल आणि केव्हापर्यंत. दुसरे वाचन पेन्सिल हातात घेऊन, सावकाश. या वेळी प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे ते वस्तुस्थिती आहे, पात्राचे मत आहे की आपला तर्क आहे, याची खूण करावी. ‘स्पर्धकांनी किमती पाडल्यामुळे आमची विक्री घटली,’ असे विक्री व्यवस्थापक म्हणत असेल, तर विक्री घटली की नाही हे परिशिष्टातील तक्त्यावरून तपासता येते. किमतींमुळे घटली हे मात्र त्याचे मत आहे, आणि त्या मतात त्याचा स्वतःचा बचावही दडलेला असू शकतो. केसमधील माणसे हितसंबंध असलेली असतात, हे विसरून त्यांची वाक्ये पुरावा म्हणून उद्धृत केली, तर विश्लेषणाचा पायाच कच्चा राहतो.

परिशिष्टातील तक्ते बरेच विद्यार्थी नुसते चाळतात, आणि नेमकी तिथेच केसची खरी गाठ असते. समजा, एका उत्पादक कंपनीची वार्षिक विक्री 200 लाखांवरून 220 लाखांवर गेली आहे, नफाही थोडा वाढला आहे, तरी कंपनीला पगार वेळेवर देता येत नाहीत आणि संचालक बँकेकडून कर्ज घेण्याच्या विचारात आहेत. मजकूर वाचून समस्या भांडवलटंचाईची वाटते. ताळेबंदात मात्र ग्राहकांकडून येणे 20 लाखांवरून 44 लाखांवर गेलेले दिसते. येणे भागिले विक्री गुणिले 365 असा साधा हिशेब केला की पूर्वी उधारी सरासरी साडेछत्तीस दिवसांत वसूल होत होती आणि आता तिला 73 दिवस लागत आहेत, हे कळते. विक्री 20 लाखांनी वाढली, पण येणे 24 लाखांनी वाढले. म्हणजे वाढीव विक्रीएवढी रक्कम, किंबहुना त्याहून थोडी अधिक, बाजारात अडकून पडली. आता प्रश्न ‘कर्ज कोणत्या बँकेकडून घ्यावे’ हा राहत नाही, तर ‘उधारीची मुदत कोणी, का आणि कोणत्या ग्राहकांसाठी वाढवली’ हा होतो. असा एक हिशेब स्वॉटच्या, म्हणजे बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांच्या चार चौकोनी, पानभर तक्त्यापेक्षा जास्त काही सांगून जातो.

स्वॉट, व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये मांडलेले, उद्योगातील स्पर्धा तपासणारे पाच स्पर्धात्मक शक्तींचे प्रारूप किंवा कारणशोधासाठी वापरली जाणारी माशाच्या काट्यांची आकृती, ही साधने प्रश्नाला लागू पडत असतील तरच घ्यावीत. वरच्या केसमध्ये पाच शक्तींचे प्रारूप जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण अडचण उद्योगाच्या रचनेत नसून कंपनीच्या आतल्या उधारीच्या धोरणात आहे. स्वॉटचे चार चौकोन भरून पुढे त्यांचा उल्लेखही न करणे, हे तर परीक्षकाला सर्वांत लवकर दिसते.

विश्लेषण झाल्यावर समस्या एका वाक्यात लिहून पाहावी. त्या वाक्यात लक्षणाऐवजी कारण आले पाहिजे आणि निर्णय कोणाचा, हेही कळले पाहिजे.

पश्चातबुद्धी

खऱ्या घटनांवरील केसमध्ये एक मोह विशेष घातक ठरतो. 1982 च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्यामुळे सात जणांचा मृत्यू झाला. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या आणि छेडछाड झाल्यास लगेच लक्षात येईल अशा तिहेरी सीलच्या वेष्टनात हे औषध पुन्हा बाजारात आणले. पुढे गमावलेला बाजारहिस्साही बव्हंशी परत मिळाला. हा शेवट माहीत असल्यामुळे विद्यार्थी लिहितो, ‘कंपनीने माल परत मागवला आणि ती यशस्वी झाली, म्हणून निर्णय योग्य होता.’ पण केस ऑक्टोबर 1982 च्या पहिल्या आठवड्यात थांबत असेल, तर त्या दिवशी संचालकांना हा शेवट माहीत नव्हता. भेसळ कोणी केली हे ठाऊक नव्हते, आणखी किती बाटल्या दूषित आहेत हे सांगता येत नव्हते, आणि ग्राहक त्या नावाकडे परत येतील याची खात्री कोणालाच नव्हती. त्या अनिश्चिततेत चुकीची किंमत कोणत्या बाजूला अधिक होती, हे तोलून दाखवणे म्हणजे मूल्यमापन. परिणाम चांगला आला म्हणून निर्णय चांगला, असा युक्तिवाद करून भागत नाही.

पर्याय, शिफारस आणि लेखन

पर्याय मांडताना एक शहाणा आणि दोन उघडच मूर्ख अशी जुळणी करू नये. ज्या पर्यायाच्या बाजूने एखादा समंजस माणूस बोलू शकेल, तोच विचारात घ्यावा. आहे तेच चालू ठेवणे हाही पुष्कळदा खरा पर्याय असतो. निकष आधी ठरवावेत, पर्याय नंतर तपासावेत. उलट क्रमाने गेल्यास मनातल्या पर्यायाला सोयीचे निकष आपोआप सुचतात. नाकारलेल्या पर्यायाचा सर्वांत मजबूत मुद्दा कोणता होता आणि तरी तो का पुरेसा नाही, हे दोन-तीन वाक्यांत लिहिले की उत्तराला वजन येते.

‘कंपनीने वसुलीवर भर द्यावा’ ही शिफारस नव्हे. ‘नव्या ऑर्डरींना उधारीची मुदत 45 दिवसांवर आणावी, सर्वांत मोठ्या थकबाकीदारांशी हप्त्यांचा लेखी करार करावा, आणि वित्त व्यवस्थापकाने दर महिन्याला वसुलीचे दिवस संचालकांपुढे ठेवावेत’ ही शिफारस होय. काही ग्राहक मुदत कमी केल्यामुळे तुटतील, हा धोका लपवू नये. तो मांडून त्यावरचा उपाय सांगावा. केसमध्ये नसलेली माहिती गृहीत धरावी लागली, तर ते गृहीतक तसे स्पष्ट लिहावे.

लिहिताना शिफारस पहिल्याच परिच्छेदात द्यावी, त्यानंतर समस्या, विश्लेषण, पर्याय आणि अंमलबजावणी. विश्लेषणाला निम्म्याच्या आसपास जागा मिळावी, पार्श्वभूमीला एक परिच्छेद पुरतो. आकडेमोड परिशिष्टात न्यावी. मजकुरात फक्त निष्कर्षाचा आकडा आणि तक्त्याचा क्रमांक ठेवावा. सारांश मागितला असल्यास तो पानावर आधी येतो, पण लिहायचा सर्वांत शेवटी. नर्सिंग, समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष व्यक्तीवर केस लिहायची असेल, तर संमती घेतलेली असावी, आणि केवळ नाव बदलून न थांबता वय, व्यवसाय, ठिकाण यांच्या एकत्र येण्याने ओळख पटणार नाही याचीही काळजी घ्यावी.

सादर करण्यापूर्वी समस्येचे वाक्य आणि शिफारशीचे वाक्य एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून वाचावे. शिफारस अमलात आल्यावर नेमकी तीच समस्या सुटत नसेल, तर दोहोंपैकी एक बदलावे लागेल, आणि बहुतेक वेळा ते समस्येचे वाक्य असते.