खोली घुमते? भिंतींवर काहीही चिकटवण्याआधी या चुका टाळा

रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळी संपली तरी आवाज घुमत राहिला, तर भिंती तो गिळत नाहीत हे कळतं. गिलावा, रंगवलेलं काँक्रीट, फरशी यांच्यावर बोलण्याचा आवाज आदळला की त्यातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषला जातो, बाकी सगळा परत येतो.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो शेजारचा आवाज बंद व्हावा म्हणून फोम लावण्यात. आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. उघड्या खिडकीचंच बघा. खोलीतला जो आवाज तिथे पोचतो तो बाहेर जातो, परत येतच नाही. म्हणजे खोलीपुरतं शोषण पूर्ण, ० ते १ च्या मापावर १. पण ती अडवत काहीच नाही. अडवायला वजनदार भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी शोषणाचं माप ठरवताना हीच उघडी खिडकी एकक म्हणून घेतली. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात आवाज इतका घुमायचा की वक्त्याचं बोलणं कळेना. सॅबिन यांनी तिथे दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: मीटरमध्ये मोजलेलं खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, की आवाज विरायचा वेळ सेकंदांत मिळतो. एकूण शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणांक (आदळलेल्या आवाजाचा किती भाग तो शोषतो), या सगळ्यांची बेरीज.

आकडे घालून पाहा. ५ बाय ४ मीटरची, ३ मीटर उंच, संपूर्ण मोकळी खोली. सगळीकडे शोषणांक ०.०२ धरला तर आवाज विरायला सुमारे ५ सेकंद लागतात. त्यात ०.८ शोषणांकाचं १० चौरस मीटर साहित्य लावलं की वेळ साधारण १ सेकंदावर येतो. आणखी १० चौरस मीटर लावा, फक्त अर्धा सेकंद कमी होतो. म्हणून सगळ्या भिंती मढवण्याचा हट्ट नको.

आता साहित्य. ग्लासवूल, रॉकवूल, जाड कापड यांच्या बारीक छिद्रांत हवा मागेपुढे हलते, घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जाते. तेव्हा छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत. थर्माकोल मऊ आणि हलका दिसतो, पण त्याचे कप्पे बंद असतात. तो इथे निरुपयोगी. विकत घेताना तुकडा तोंडाला लावून फुंकर मारा. हवा थोडा जोर लावून आरपार गेली तर साहित्य कामाचं. अजिबात गेली नाही तर ठेवून द्या.

याच कारणाने रंगाची चूक मला फार जिव्हारी लागते. चांगल्या सच्छिद्र टाइल्स, आणि दोन वर्षांनी कुणीतरी स्वच्छ दिसाव्यात म्हणून त्यांवर रोलर फिरवतो. रंगाचा थर छिद्रांची तोंडं बुजवतो. साध्या खरबरीत काँक्रीट ब्लॉकचा ५०० हर्ट्झच्या, म्हणजे मधल्या पट्टीच्या, आवाजासाठी शोषणांक ०.३ च्या आसपास असतो. रंग दिल्यावर तो ०.०६ पर्यंत उतरतो. टाइल्स मळल्या असतील तर हलक्या हाताने व्हॅक्यूम करा.

अंड्यांचे ट्रे लावू नका. पातळ पुठ्ठा फारसं काही शोषत नाही.

शेवटची चूक जाडीची. भिंतीला टेकलेली हवा हलूच शकत नाही, ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झला हे अंतर साडेआठ सेंटिमीटर, १०० हर्ट्झला तब्बल ८६. म्हणून गालिचा आणि पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचा आवाज खातात. खोली दबल्यासारखी होते आणि खर्जाची घरघर तशीच राहते. पॅनेल भिंतीला न चिकटवता मागे ५ ते १० सेंटिमीटर पोकळी सोडा. तेवढ्याच साहित्यात खालचे सूरही पकडले जातात. त्याहूनही खालच्यांसाठी चौकटीवर ठोकलेलं पातळ प्लायवूड, मागे पोकळी ठेवून. ते स्वतः थरथरतं आणि खर्ज खातं.