टर्बो गाडी मॉडिफाय केलीत? ‘पॉवर वाढली’ म्हणण्याआधी या चुका टाळा

नवा पार्ट बसवायचा, एक पुल मारायचा (म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी पळवायची) आणि ‘दहा-बारा बीएचपी सहज वाढली’ असं जाहीर करून मोकळं व्हायचं. हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी एकच विचारतो: जुना पार्ट परत लावून पाहिलास का? पुढे शांतता.

हा प्रश्न मला स्वतःचं हसं झाल्यावर सुचला. नवा इंटेक (इंजिनात हवा नेणारा पाइप-फिल्टर) बसवला होता. आधीची मोजणी दुपारची, हवा ३८ अंश. नंतरची दुसऱ्या दिवशी पहाटेची, २४ अंशांत. तिसऱ्या गिअरमध्ये ८० ते १२० ला लागणारा वेळ चांगलाच उतरला. दोन आठवडे मी मिरवत होतो. मग एका मित्राला इंटेक आवडला म्हणून काढून दिला, कंपनीचा मूळ एअर फिल्टरचा डबा परत चढवला आणि सहज म्हणून पहाटेच पुन्हा पुल मारला. लागलेला वेळ तोच! १४ अंशांच्या फरकाने हवेची घनता जवळपास ५ टक्क्यांनी बदलते. त्यात गार हवेत नॉकची (इंधन अवेळी पेटण्याची) भीती कमी, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढत नाही. मी इंटेक नव्हे, हवामान मोजलं होतं.

टर्बोमध्ये, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रात, याच्यावर आणखी एक कडी आहे. लागोपाठ पुल मारले की ती दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर तापतो आणि तिसरा-चौथा पुल पहिल्यापेक्षा मंद पडतो. लोक काय करतात? जुन्या पार्टवर चार पुल मारून गाडी तापवतात, तासभर बॉनेट उघडून नवा पार्ट बसवतात, तेवढ्यात सगळं गार होतं आणि गार होण्याचं श्रेय पार्टला मिळतं. माझी सवय अशी: ओबीडीवर (गाडीच्या डायग्नॉस्टिक सॉकेटवर) इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघायचं, ते दर वेळी त्याच दोन-तीन अंशांत आल्याशिवाय पुल सुरू करायचा नाही. पहिला पुल सोडून द्यायचा, पुढचे तीन धरायचे. आणि क्रम जुना-नवा-जुना. शेवटचा ‘जुना’ कंटाळवाणा असतो, म्हणूनच तो कुणी करत नाही.

दुसरी चीड आणणारी चूक म्हणजे बूस्ट गेजकडे बघून पॉवर ठरवणं. बूस्ट हा टर्बोने भरलेल्या हवेचा दाब आहे. इंजिनात किती हवा गेली, ते तो एकटा सांगत नाही. सिलिंडर हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणं) नीट झालं तर तेवढीच हवा कमी दाबात आत जाते. गेज खाली, पॉवर जागेवर. उलट छोट्या टर्बोला त्याच्या कुवतीबाहेर पिळलं तर गेज वर आणि आत नुसती तापलेली हवा. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांत ईसीयू ठरलेला बूस्ट धरून ठेवतो. मोकळा इंटेक लावला तर वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) थोडा जास्त उघडतो आणि गेज हलतच नाही. म्हणून हवेचं वस्तुमान, टायमिंग आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) यांचा लॉग, म्हणजे नोंद, घ्या. लॉग नसेल तर माझ्याशी वाद घालू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

एकाच दिशेने मोजणं: १५०० किलोच्या गाडीला ताशी १०० किमीवर फक्त १ टक्का चढ सुमारे ४ किलोवॅट खातो, म्हणजे साडेपाच एचपी. डोळ्यांना तो चढ दिसतही नाही. दोन्ही दिशांनी मोजा, तेही बंद ट्रॅकवर.

डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि रीमॅप (ईसीयूचं नवं ट्यूनिंग) एकाच दिवशी: मग श्रेय कुणाचं, ते ज्योतिषाला विचारा.

दोन वेगळ्या डायनोंचे (पॉवर मोजणाऱ्या यंत्रांचे) आकडे शेजारी ठेवणं: नको. करेक्शन फॅक्टरही (हवामानानुसार आकडा दुरुस्त करणारा गुणक) बघा. एसएई जे१३४९ हे मानक आकडे २५ अंश आणि ९९० मिलीबारवर आणतं. उंचावरच्या विरळ हवेतही जो टर्बो ठरलेला दाब भरून काढतो, त्याला हे करेक्शन नसलेली पॉवर बहाल करू शकतं.

बॅटरी काढून पार्ट बसवला आणि लगेच मोजलं: बऱ्याच गाड्यांत ईसीयूने शिकलेलं पुसलं जातं. आधी थोडी चालवा.

एक्झॉस्टचा आवाज वाढला: आवाज वाढला, एवढंच.

तो इंटेक घेऊन गेलेला मित्र अजून सांगतो, गाडी उडते. जुना डबा लावून बघ म्हटलं, तर तो त्याने कधीच विकून टाकलाय.