पोहण्याचा तलाव हिवाळ्यात कोमट कसा ठेवावा: परभणीकडचा अनुभव

परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला पटत नाही. मे महिन्यात इथं भाजून गेलेला पाहुणा डिसेंबरात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात वाचतो आणि छपाईची चूक समजतो. मी शाळेत पीटी शिकवायचो. निवृत्तीनंतर वसमत रोडकडच्या शेतात घराशेजारीच तलाव बांधला, १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, १.२ मीटर खोल, म्हणजे ६०,००० लिटर. उन्हाळ्यात लेकरांची जत्रा. दिवाळी सरली की "सर, पाणी लई गार लागायलंय" म्हणून सगळी काठावर बसून.

पहिल्या हिवाळ्यात मी ९ किलोवॉटचा विजेचा हीटर बसवला. विकणारा म्हणाला, रात्रभर चालू ठेवा, सकाळी पाणी तयार. मी ठेवला. हिशेब आधी करायला हवा होता, तो नंतर केला: १,००० लिटर पाणी एक अंशानं तापवायला साधारण १.१६ युनिट लागतात. माझ्या तलावाला अंशामागं ७० युनिट. हीटर आठ तास चालला की ७२ युनिट, म्हणजे एक अंश. आणि उघडा तलाव रात्रीतून अडीच अंश उतरत होता. पहिलं बिल बायकोनं वाचलं. मला ते वाचायची हिंमत झाली नाही.

म्हणून पहिलं काम हीटरचं नाही, थर्मामीटरचं. पाण्यात दोन फूट खोल दोरीनं सोडा. संध्याकाळी सातला आणि सकाळी सहाला आकडा वहीत लिहा, आठवडाभर. रात्रीत किती पडतं हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

उष्णता जाते कुठं? मोठा वाटा वाफेतून. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ते जाताना जवळजवळ ५८० लिटर पाणी एक अंशानं गार करून जातं. माठाचं पाणी गार होतं ते याच कारणानं, आणि आपण तर ५० चौरस मीटर तोंडाचा माठ बांधून ठेवलेला असतो! त्यात आपली हवा कोरडी आणि वर वारं. मी उत्तरेच्या आणि पूर्वेच्या बाजूला सहा फूट हिरवी शेडनेट बांधली, एवढ्यानंही फरक पडला.

खरी जादू मात्र कव्हरची. फुगे असलेलं निळं बबल कव्हर घ्या, ४०० ते ५०० मायक्रॉनचं. फुगे खाली, पाण्याकडं. निम्मे लोक उलटं टाकतात. आणल्या आणल्या कापू नका. दोन-चार दिवस पाण्यावर पसरून ठेवा, घड्या सुटू द्या, मग काठाला धरून कात्री लावा. मी ५ बाय ५ चे दोन तुकडे केले, कारण ओलं कव्हर एका माणसाला ओढवत नाही. कव्हर टाकल्यावर रात्रीची घट अडीचवरून सव्वा अंशाच्या आत आली. शिवाय पाणीही वाचतं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे ज्या भागानं पाहिलं तिथं तलाव उघडा ठेवून पाणी उडवायची मला तरी लाज वाटते.

गुंडाळलेलं कव्हर उन्हात ठेवू नका. थरावर थर तापतात आणि फुगे वितळतात, माझा एक कोपरा असाच गेला. क्लोरीनचा जादा डोस दिला की पातळी खाली येईपर्यंत कव्हर काढून ठेवा, नाहीतर ते लवकर कडक पडून फाटतं. आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा: कव्हर अर्धं काढून कुणी पोहायचं नाही. लेकरू त्याच्याखाली सापडलं तर वरून दिसत नाही.

आता सूर्य. पाणी तापवणारी तयार सोलर पॅनेल मिळतात, पण आपल्याकडं घरोघर ठिबक आहे. ड्रीपर (थेंब सोडणारी तोटी) नसलेली १६ मिलिमीटरची काळी लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी घ्या. तलावाचं पाणी पंपानं तिच्यातून फिरवायचं, ते उन्हानं तापून परत तलावात येतं. मी पन्नास-पन्नास मीटरची वेटोळी केली आणि सगळी एकाच सबमेनवरून (जाड पाइपवरून) शेजारी-शेजारी जोडली. एकामागं एक जोडाल तर पंप ढेकर देईल आणि पाणी पुढं सरकणार नाही. तलावाच्या निम्मं क्षेत्र, म्हणजे माझ्याकडं २५ चौरस मीटर, म्हणजे दीड हजार मीटरच्या वर नळी. पत्र्याच्या शेडवर, दक्षिणेला तोंड, उतार तीस-पस्तीस अंश. सगळ्यात उंच जागी अडकलेली हवा सोडणारा ठिबकचाच एअर व्हॉल्व्ह. पाणी वाळूच्या फिल्टरमधून गेल्यावरच वर चढवा. चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे एक अंश मिळतो.

इथं सगळे एकच चूक करतात. परत येणारं पाणी कढत लागलं की खूश होतात. उलट आहे. पाणी कढत येतंय म्हणजे ते हळू वाहतंय, आणि तापलेली नळी उष्णता हवेला वाटतेय. पाणी जोरात सोडा. हाताला जेमतेम कोमट, दोन-तीन अंशांचा फरक, एवढंच हवं. सकाळी दहाला पंप सुरू, चारला बंद, टायमर लावून.

बोअरचं पाणी जड असतं, नळीत क्षार धरतात. ठिबकला देतो तशी ॲसिड ट्रीटमेंट वर्षातून एकदा लॅटरलला द्या, पण ते पाणी तलावात येऊ न देता बाहेर काढा. खारुताया नळ्या कुरतडतात. त्यावर माझ्याकडं तरी इलाज नाही, तुटलेली नळी सांधायच्या जोडण्या जवळ ठेवतो.

ढगाळ आठवड्यासाठी हीट पंप. तो हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो, त्यामुळं एका युनिटात चार-पाच युनिटांचं काम होतं. आत टायटॅनियमचा एक्स्चेंजर (उष्णता पाण्याला देणारा भाग) आहे ना, विचारा. क्लोरीन तांब्याला खातं. आणि तो पहाटे चालवू नका. हवा आठ-दहा अंश असताना त्याचा दम निघतो, दुपारी अठ्ठावीसला मजेत चालतो. म्हणूनच छतावरच्या सौर विजेशी त्याचं जमतं: ३ किलोवॉटचे पॅनेल दिवसाला बारा-एक युनिट देतात. मीटर घरगुती असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) आणि अर्थिंग नसेल तर काहीच सुरू करू नका. बादलीतली रॉड तलावात टाकणारे महाभागही मी पाहिलेत.

किती तापवायचं? स्पर्धेला २५ ते २८ अंश चालतात. मी २६ वर थांबतो, गुडघेदुखीची मंडळी येतात त्या दिवशी २९ हवं म्हणून आदल्या दिवसापासून लागतो. वरचा प्रत्येक अंश खालच्यापेक्षा महाग पडतो.

मार्च लागला की कव्हर दिवसा काढा, नाहीतर पाण्याचा काढा होतो. आणि मे महिन्यात टायमर उलटा करा: पंप रात्री दहा ते पहाटे पाच. त्याच काळ्या नळ्या रात्रीच्या आभाळाखाली पाणी गार करून देतात.