डिप्रेशनवर पीएचडी करणार असाल तर फॉर्म वाटायची घाई नको

पेटची (पीएचडी प्रवेश परीक्षेची) जाहिरात आली की एम.ए. झालेल्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. विषय ‘डिप्रेशन’ ठरलेला असतो, सॅम्पल ‘कॉलेजचे विद्यार्थी’ हेही ठरलेलं असतं, आणि प्रश्न एकच असतो: मॅडम, कुठली टेस्ट वापरू? माझं उत्तर ऐकून बरेच जण खट्टू होतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी रुग्ण तपासण्याच्या परवान्याचं बघू, कारण इथे अजूनही गफलत होते. पीएचडी केल्याने नावाआधी ‘डॉ.’ लागतं, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही आरसीआयने मान्य केलेल्या शिक्षणावरच उभी आहे. आजवरचा रुळलेला रस्ता म्हणजे दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल.: बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी, तेजपूरची संस्था अशा मानसिक आरोग्याच्या संस्थांत. जागा मोजक्या आणि अर्जांचा ढीग. त्यात यूजीसीने एम.फिल. ही पदवीच बंद केली आणि क्लिनिकलपुरती मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली. त्यामुळे पुढे काय, हे सीनियरला विचारू नका. तो जुन्या नियमांवर पास झालाय. आरसीआयचं ताजं परिपत्रक स्वतः वाचा.

एम.फिल. नाही मिळाली तर संशोधन संपलं का? अजिबात नाही. माझीही नाही झाली. फक्त निदान आणि उपचाराच्या बाबतीत कुणाच्या तरी हाताखाली काम करावं लागतं, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

आता मी ज्यात अडकले तो खड्डा. माझ्या गाइडचं म्हणणं होतं, ‘सॅम्पल मोठं घे, बाकी एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) बघून घेईल.’ मार्च महिना, परीक्षा तोंडावर. पीएचक्यू-९चा, म्हणजे डिप्रेशनच्या लक्षणांवरच्या नऊ प्रश्नांचा, गूगल फॉर्म कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि शेकडो उत्तरं आली. दहाच्या वर स्कोअर आला की ‘डिप्रेशन आहे’, खाली असला की ‘नाही’. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) हेच लिहिलेलं होतं आणि आरआरसीत, म्हणजे तो मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, कुणी हरकत घेतली नव्हती. पुढे एका बाहेरच्या तज्ज्ञाने विचारलं, ‘यातल्या किती जणांना खरोखर डिप्रेशन आहे?’ याचं उत्तर त्या डेटात नव्हतंच.

का नव्हतं, ते आकड्यांनीच सांगते. पीएचक्यू-९ ही चाळणी आहे. २००१ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा दहाच्या कटऑफला (दहा किंवा जास्त आले की पॉझिटिव्ह) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आजारी माणसं पकडण्याचं प्रमाण, ८८ टक्के आणि स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोगी माणसं सोडण्याचं प्रमाण, ८८ टक्के होती. ऐकायला फारच छान. आता १००० विद्यार्थी घ्या आणि धरून चाला की त्यातल्या ५० जणांना खरंच आजार आहे. चाळणी त्यातले ४४ पकडेल. उरलेल्या ९५० निरोगी मुलांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणही ती पकडेल. एकूण १५८ ‘पॉझिटिव्ह’, त्यात खरे ४४. चारातला जेमतेम एक! हीच चाळणी मानसोपचार ओपीडीत लावा, जिथे समजा निम्म्यांना डिप्रेशन आहे. तिथे पॉझिटिव्ह आलेल्या १००पैकी ८८ जण खरे निघतील. प्रश्नावली तीच, कटऑफ तोच, फक्त माणसं बदलली. हे गणित एम.ए.ला आपण सगळेच शिकतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो.

बरं, बेरीजही फसवी असते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. परीक्षेच्या दोन आठवड्यांत झोप उडालेली, थकवा, जेवणाचे हाल, लक्ष लागत नाही: या चार प्रश्नांना तीन-तीन दिले की झाले १२. उदासपणा शून्य, रस गेलेला नाही, तरी पोरगं ‘डिप्रेस्ड’. डीएसएमप्रमाणे (मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकाप्रमाणे) उदासपणा किंवा रस जाणं यांपैकी एक असल्याशिवाय निदानच होत नाही. आणि रुग्ण खरे असले तरी सगळे सारखे नसतात. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासातल्या ३७०३ रुग्णांची लक्षणं २०१५ साली पुन्हा तपासली, तेव्हा लक्षणांचे १०३० वेगवेगळे संच निघाले. आपण मात्र सगळ्यांची एकच बेरीज मारून तिचा ‘सोशल मीडिया वापरा’शी कोरिलेशन (आकड्यांतला संबंध) काढतो.

मग टेस्ट टाकाऊ आहे का? नाही. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांसोबत जो प्रयोग केला (२०१७, लॅन्सेट), त्यातही पीएचक्यू-९च होती. पण कटऑफ १४च्या वर, माणसं दवाखान्यात आलेली, आणि तीव्रता मोजायला बेक-२ ही वेगळी प्रश्नावली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटात ६४ टक्के लोक लक्षणांतून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. आपल्या शेजारी, आपल्यासारखी भाषा बोलणाऱ्या लोकांत हे झालंय. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तो पेपर पद्धतीच्या भागासह वाचा, ॲबस्ट्रॅक्टवर भागवू नका.

तुमच्यापुरता उपाय असा. आधी चाळणी लावा. मग पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांची आणि निगेटिव्हपैकी काहींची मिनीसारखी (निदानासाठी ठरलेले प्रश्न क्रमाने विचारणारी) संरचित मुलाखत घ्या, तीही प्रशिक्षण घेऊन. सॅम्पल लहान होईल. होऊ द्या. तेवढं बळ नसेल तर शीर्षकात ‘डिप्रेशन’ऐवजी ‘नैराश्याची लक्षणं’ लिहा आणि तेवढाच दावा करा. तोही प्रबंध चांगला असू शकतो. आणि बेक-२ विकत घ्यावी लागते, विभागातल्या कपाटातली झेरॉक्स चालत नाही. पीएचक्यू-९ फुकट आहे.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. माझा फॉर्म निनावी होता. त्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ लिहिलेली उत्तरं मी एक्सेलमध्ये कितीतरी दिवसांनी पाहिली, आणि ती कुणाची हे कळायचा मार्ग नव्हता. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. तुम्ही फॉर्म समोर बसून भरून घ्या, त्याच दिवशी नववा प्रश्न तपासा, कुणाकडे पाठवायचं ते आधी ठरवून ठेवा आणि कागदावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा.

गाइडबद्दल माझं मत एकांगी आहे, तरी सांगते. नावाजलेला नको, रुग्ण बघणारा किंवा रुग्ण बघणाऱ्यांशी उठबस असलेला हवा. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: चॅप्टर किती दिवसांत वाचून मिळतो? विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘डेटा ॲनालिसिस करून मिळेल’ अशी पाटी असते, तिकडे फिरकू नका. व्हायव्हाला तो माणूस येत नाही. पैसे भरून आठवड्यात पेपर छापणारी जर्नल्सही नकोत. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनंतर प्रबंधाआधी पेपर सक्तीचा राहिलेला नाही, मग घाई कसली?

पैशांचं: जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर महिना ३७ हजार. नसेल तर पात्रतेनुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिप बघा. नाहीतर सीएचबीवर (तासाच्या मानधनावर) कॉलेजात तास घेत पीएचडी, जी मी केली. त्यात माणूस पिचतो, खोटं कशाला सांगू? जमत असेल तर आधी एखाद्या चालू प्रकल्पात रिसर्च असिस्टंट म्हणून वर्षभर काम करा. तिथे मुलाखत घ्यायला शिकाल आणि हा विषय रोज सोसवतो का तेही कळेल. नाही सोसवला तर दुसरा विषय घ्या, कुणी नाव ठेवणार नाही.

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला फॉर्म भरून घेण्याआधी लागते. कॉलेजात कमिटी नसेल किंवा बैठकच होत नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीकडे अर्ज करता येईल का, ते पहिल्याच वर्षी विचारा. आणि तुमच्या कामात उपचार किंवा समुपदेशनाचा गट असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदणी पहिला माणूस सामील होण्याआधी. १ एप्रिल २०१८पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.