पोस्टग्रेसच्या फाइलवरून टेबल कसं ओळखावं

डिस्क भरत आली म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या डेटा डिरेक्टरीत शिरावं, तर समोर नुसते आकडे: बेस/१६३८४/२४५७६. यातलं १६३८४ म्हणजे डेटाबेसचा ओआयडी, पोस्टग्रेसने आतल्या नोंदीसाठी दिलेला क्रमांक. पीजी_डेटाबेस या सिस्टीम टेबलात (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींच्या टेबलात) त्याचं नाव बघा आणि त्याच डेटाबेसला कनेक्ट व्हा.

२४५७६.१, २४५७६.२ हे एकाच फाइलचे १ जीबीचे तुकडे. _एफएसएम, _व्हीएम शेपटीच्या फाइलीही त्याच कुटुंबातल्या. मूळ आकडा तेवढा घ्या.

आता खरी अडचण. ‘फाइलचं नाव म्हणजे टेबलचा ओआयडी’ हा सल्ला जिथेतिथे मिळतो आणि तो घातक आहे. नव्या टेबलाचा ओआयडी आणि फाइलचा आकडा बरेचदा सारखेच निघतात, त्यामुळे करून बघणाऱ्याला तो पटतो. पण ट्रंकेट (टेबल रिकामं करणं), व्हॅक्यूम फुल किंवा क्लस्टर (दोन्हीत टेबल नव्याने लिहिलं जातं) चालवलं, की त्याच टेबलाला नवी फाइल मिळते. ओआयडी तोच, रिलफाइलनोड (फाइलच्या नावातला आकडा) बदललेला. रीइंडेक्स केलं की इंडेक्सचंही तेच. जुन्या प्रॉडक्शन डेटाबेसवर ओआयडीने शोधाल तर काहीच सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट, भलतंच टेबल सापडेल.

पीजी_क्लास या टेबलं आणि इंडेक्सांची यादी ठेवणाऱ्या सिस्टीम टेबलातला रिलफाइलनोड कॉलम बघणं बरं, पण तेही अपुरं. खुद्द पीजी_क्लाससारख्या काही सिस्टीम टेबलांपुढे तिथे ० दिसतो. त्यांची नोंद पीजी_फाइलनोड.मॅप या वेगळ्या फाइलीत असते. म्हणून सरळ फंक्शन वापरा:

सिलेक्ट पीजी_फाइलनोड_रिलेशन(०, २४५७६);

० म्हणजे या डेटाबेसची डिफॉल्ट टेबलस्पेस, त्याच्या फाइली ठेवण्याची ठरलेली जागा. फाइल पीजी_टीबीएलएसपीसी या फोल्डरखाली असेल तर त्यापुढच्या फोल्डरचा आकडा ०च्या जागी द्या.

उत्तरात पीजी_टोस्ट_१६४०२ असं काही आलं, तर ते टोस्ट टेबल, म्हणजे मूळ टेबलातला लांबलचक मजकूर वेगळा ठेवलेली जागा आहे. पीजी_क्लासमध्ये रिलटोस्टरिलआयडी कॉलमवरून मालक शोधा. नावातला १६४०२ हा मात्र मूळ टेबलाचा ओआयडीच.

उत्तर नल (म्हणजे काहीच नाही) आलं तर? ‘बेवारस फाइल आहे, उडवा’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. कुणाच्या तरी कमिट न झालेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये नुकतं तयार झालेलं टेबल तुमच्या कनेक्शनला दिसत नाही, पण त्याची फाइल डिस्कवर असते. चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) होईपर्यंत रेंगाळणारी, ड्रॉप केलेल्या टेबलाची रिकामी फाइलही असू शकते. डेटा डिरेक्टरीत आरएम (फाइल उडवण्याची कमांड) कधीच चालवायचं नाही. जागा हवी असेल तर टेबल ओळखून एसक्यूएलमधूनच ड्रॉप किंवा ट्रंकेट करा.

उलट दिशेने, टेबलवरून फाइल हवी असेल, तर पीजी_रिलेशन_फाइलपाथला टेबलाचं नाव द्या.