सरकारी खर्चाने पुन्हा कॉलेज: ‘बेटर जॉब्स ओंटारिओ’चा अर्ज कसा करायचा

नोकरी गेली की बहुतेक जण सगळ्यात आधी एखाद्या कॉलेजला फोन लावतात. प्रवेश देणारा माणूस गोड बोलतो, ‘पैसे सरकार भरेल, तुम्ही फक्त सही करा’ म्हणतो आणि अर्जाची सुरुवातच उलट्या टोकाने होते. बेटर जॉब्स ओंटारिओ ही कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताची, बेकारांना नव्या कामाच्या शिक्षणासाठी पैसे देणारी योजना. तिच्यात कॉलेज शेवटी येतं. अर्ज तपासणारा एकच गोष्ट शोधत असतो: या माणसाला आहे त्या कौशल्यावर नोकरी मिळत नाही आणि हा कोर्स केला तर मिळेल, याचा पुरावा कुठे आहे? फाइलमधला प्रत्येक कागद या प्रश्नाचं उत्तर देणारा हवा. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, स्कारबरो, किचनर इथल्या आपल्या मराठी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून पुढची माहिती दिली आहे.

योजना 2008 मध्ये ‘सेकंड करिअर’ या नावाने सुरू झाली. जुनी माणसं अजूनही तेच नाव घेतात. 2022 मध्ये तिचं नाव बदललं. हे कर्ज नाही, अनुदान आहे. त्यातून कॉलेजची फी, पुस्तकं, येण्याजाण्याचा खर्च, मुलांच्या डे-केअरचा खर्च आणि घरखर्चासाठी आठवड्याला 500 डॉलरपर्यंत भत्ता मिळू शकतो. नवीन नावासोबत 28,000 डॉलरपर्यंतची मर्यादा जाहीर झाली होती. सरकार ती वेळोवेळी बदलतं, म्हणून चालू आकडा पहिल्याच भेटीत विचारून घ्या. सगळ्यांना कमाल रक्कम मिळत नाही. घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न बघून तुमचा वाटा ठरतो, त्यामुळे नवरा किंवा बायको चांगल्या पगारावर असेल तर हाती येणारी रक्कम कमी होते.

अर्ज करायला दोन वाटा आहेत. पहिली वाट ले-ऑफ झालेल्यांची: नोकरीवरून कमी केलं गेलं आणि आता बेकार आहात, किंवा पोट भरण्यापुरतं काहीतरी तात्पुरतं काम धरलं आहे. दुसरी वाट ले-ऑफ न झालेल्यांची: सहा महिने किंवा जास्त काळ काम नाही आणि घरचं उत्पन्न कमी आहे. लग्न करून किंवा पीआर (कायम रहिवासाचा दर्जा) घेऊन इथे आलेल्या आणि कॅनडात अजून एकही नोकरी न केलेल्या बायकांना ही दुसरी वाट उपयोगी पडते. स्वतःहून राजीनामा दिलेल्यांनीही पहिल्या वाटेचा हट्ट धरू नये. दोन्हीकडे अर्जदार ओंटारिओत राहणारा हवा आणि नागरिक, पीआर किंवा संरक्षित व्यक्ती (निर्वासित म्हणून आश्रय मिळालेला) हवा. वर्क परमिटवर किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर थांबावं लागेल.

कुठे जायचं? अर्ज कॉलेजमधून होत नाही. एम्प्लॉयमेंट ओंटारिओ या सरकारी रोजगार यंत्रणेची सेवा केंद्रं गावोगावी आहेत, त्यांतल्या जवळच्या केंद्रात भेटीची वेळ घ्या. हेल्पलाइन 1-800-387-5656 वर पत्ता मिळतो. तिथे तुम्हाला एक सल्लागार नेमून दिला जातो. फाइल तोच पुढे पाठवतो, म्हणून त्याच्याशी वागणं चोख ठेवा: सांगितलेल्या तारखेला कागद द्या, ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्या. पहिल्या भेटीतच ‘मला अमुक कॉलेजात अमुक कोर्स करायचाय’ असं म्हणू नका. ‘नोकरी शोधतोय, अडचण इथे येतेय’ असं सांगा. त्यातूनच प्रशिक्षणाचा विषय नीट निघतो.

आता कागद. ओळखीचे आणि पैशाचे कागद तुलनेने सोपे: सिन (सामाजिक विमा) क्रमांक, पीआर कार्ड किंवा नागरिकत्वाचा पुरावा, कंपनीने दिलेलं रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट, ले-ऑफचं पत्र, ईआय (बेकारी विम्याचा भत्ता) मिळत असेल तर त्याचा तपशील, तुमची आणि जोडीदाराची कर खात्याची नोटीस ऑफ असेसमेंट (विवरण भरल्यावर येणारा कराचा हिशेब), बँकेची स्टेटमेंट्स. आपल्याकडच्या लोकांचं घोडं अडतं ते नावावर. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं, आणि कंपनीच्या कागदांवर मधलं नावच आडनाव म्हणून छापलेलं. विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवा. ते मराठीत असेल तर प्रमाणित अनुवादकाकडून इंग्रजी भाषांतर करून घ्या. एका पानावर ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असा खुलासा लिहून त्याला जोडा.

भारतातल्या पदवीचं मूल्यमापन आधी सुरू करा. परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेला गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट जाव्या लागतात, आणि मुंबई किंवा पुण्याच्या परीक्षा विभागातून त्या निघायला वेळ लागतो. जुन्या प्रमाणपत्रावर ‘पुणे विद्यापीठ’ आणि आताच्या कागदांवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असेल तर घाबरू नका, विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये बदललं आहे. गावी कुणी नातेवाईक असेल तर त्याच्या नावाने अधिकारपत्र पाठवा, म्हणजे खिडकीवर उभं राहायला माणूस मिळतो.

पदवी असणं या अर्जात दोन्हीकडून कापतं. अर्ज गुणांवर तोलला जातो: किती काळ बेकार, शिक्षण किती, आधीच्या कामाला बाजारात मागणी किती, कोर्स किती लांब, पुढे नोकरीची शक्यता किती. शिक्षण जास्त असेल तर ‘यांना आणखी शिकवायची गरज काय’ असा प्रश्न उभा राहतो. म्हणून पदवी लपवू नका, ती इथे का चालत नाही हे दाखवा. बारा वर्षांपूर्वीची बी.एस्सी., त्यानंतर मुलांसाठी घेतलेली आठ वर्षांची विश्रांती, लॅबच्या जागांसाठी केलेले अर्ज आणि आलेले नकार, अशी साखळी समोर ठेवली की मुद्दा पोचतो. डॉक्टर, इंजिनिअर, नर्स अशा परवान्याच्या व्यवसायातून आला असाल आणि त्याच व्यवसायात परतायचं असेल, तर ही योजना बाजूला ठेवून ओंटारिओच्या ब्रिज ट्रेनिंगबद्दल विचारा. तो मार्ग त्यासाठीच आहे.

फाइलचा गाभा म्हणजे नोकरी शोधल्याची वही. साध्या तक्त्यात तारीख, कंपनी, पद, अर्ज कसा केला आणि उत्तर काय आलं एवढं लिहा. ‘खूप ठिकाणी अर्ज केले’ या वाक्याची किंमत शून्य आहे, तारखेसह लिहिलेल्या पंचवीस ओळी बोलतात. नकाराच्या ईमेल जपून ठेवा, विशेषतः ज्यात ‘अमुक प्रमाणपत्र आवश्यक’ असं लिहिलंय त्या. त्याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.

त्यानंतर नव्या कामाचा अभ्यास. कॅनडाच्या जॉब बँक संकेतस्थळावर प्रत्येक कामाला पाच आकडी एनओसी (कामांच्या सरकारी वर्गीकरणाचा) क्रमांक आहे: ट्रक ड्रायव्हर 73300, हिशेबनीस आणि अकाउंटिंग टेक्निशियन 12200, रुग्णसेवेतले पीएसडब्ल्यू (पर्सनल सपोर्ट वर्कर) 33102. क्रमांक टाकून तुमच्या भागातला पगार आणि पुढच्या काळातली मागणी बघा. संपूर्ण ओंटारिओचा आकडा देऊन भागत नाही. तुम्ही मिसिसागात राहता आणि मागणी थंडर बेमध्ये आहे, तर तपासणारा तेच विचारणार. जोडीला घरापासून जाण्यायेण्याच्या टप्प्यातल्या दहाएक जाहिराती तारखेसकट छापून ठेवा, कारण त्या संकेतस्थळावरून लवकर गायब होतात. त्यातल्या किती जाहिराती तुमच्या कोर्सचं प्रमाणपत्र मागतात ते मोजा. दहातल्या दोनच मागत असतील तर कोर्स चुकलाय, आणि हे अर्जाआधी कळलेलं बरं.

तीन मालकांशी बोलाही. प्रश्न चारच: नवशिक्याला घेता का, कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र मानता, सुरुवातीचा पगार किती, शिफ्ट कुठल्या? नाव, पद आणि तारीख टिपून ठेवा. शिफ्टचा प्रश्न बायकांनी आवर्जून विचारावा. रात्रपाळीच मिळणार असेल आणि घरी लहान मूल असेल, तर कोर्स पूर्ण करूनही नोकरी धरता येत नाही.

कॉलेज आता. ओंटारिओत 24 सरकारी कॉलेजं आहेत, शिवाय नोंदणीकृत खासगी करिअर कॉलेजं. खासगी संस्था निवडताना संस्था नोंदणीकृत आहे का आणि तो विशिष्ट कोर्स मंजूर आहे का, या दोन गोष्टी सरकारी यादीत वेगवेगळ्या तपासा. संस्था खरी, पण कोर्सला मंजुरी नाही, असंही निघतं. किमान तीन संस्थांची तुलना करा, त्यात एक सरकारी असू द्या: फी, पुस्तकं, कालावधी, सुरू होण्याची तारीख, प्रवेशाच्या अटी, घरापासूनचं अंतर. महागडी संस्था निवडत असाल तर कारण लिहा. ‘जवळ आहे’ चालतं, ‘मैत्रीण तिथे शिकली’ चालत नाही. पदवीचे लांब अभ्यासक्रम सोडून द्या, योजनेचा कल 52 आठवड्यांच्या आतल्या कोर्सकडे आहे. सरकारी कॉलेजं प्रामुख्याने सप्टेंबर, जानेवारी आणि मे महिन्यांत सुरू होतात, तेव्हा सल्लागाराकडे निदान तीन महिने आधी जा.

ट्रकचा परवाना घेणाऱ्यांनी एक पाहावं: एझेड (मोठ्या ट्रेलर-ट्रकच्या) परवान्याच्या रस्ता-परीक्षेआधी ओंटारिओत जुलै 2017 पासून किमान 103.5 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्याहून कमी तासांचा स्वस्त कोर्स कुणी देऊ केला तर तो निरुपयोगी आहे.

मंजुरीच्या आधी करारावर सही करू नका, आगाऊ रक्कम भरू नका, वर्गात बसू नका. पुष्कळ अर्ज इथे बुडतात. स्वतःच्या पैशाने सुरू केलेल्या कोर्सला सरकार मागाहून पैसे देईल हे धरून चालू नका. कॉलेज ‘जागा जाईल’ म्हणून घाई करत असेल तर सशर्त प्रवेशाचं पत्र मागा, अर्जाला तेवढं पुरतं.

ईआय घेत असाल तर आणखी सावध. पूर्ण वेळ कोर्सला जाणारा माणूस कामाला उपलब्ध नाही असं धरून ईआय थांबू शकतो. अधिकृत रेफरल (प्रशिक्षणाला सरकारतर्फे पाठवल्याची नोंद) मिळालं की ईआय कायद्याच्या कलम 25 खाली शिकतानाही लाभ सुरू राहतो. ते कोर्सच्या पहिल्या दिवसाआधी नोंदलं गेलंय याची सल्लागाराकडून खात्री करा. दर दोन आठवड्यांच्या रिपोर्टात प्रशिक्षणाचा प्रश्न येतो, तिथे ‘हो’ लिहा. ‘नाही’ लिहिलं तर पैसे परत करायची वेळ येते. तात्पुरती नोकरी असेल तर तीही सल्लागाराला विचारल्याशिवाय सोडू नका.

खर्चाचा तक्ता खरा भरा: घरभाडं, हायड्रो (वीजबिल), फोन, किराणा, बसचा पास, डे-केअर. गावी आईवडिलांना पाठवत असलेले पैसे यात बसतीलच असं नाही, ते सल्लागाराला विचारा. रक्कम फुगवली की बँकेच्या स्टेटमेंटशी जुळत नाही, आणि मग बाकीच्या फाइलवरचाही विश्वास उडतो.

अर्जासोबतचं पत्र एका पानाचं पुरे. पहिल्या परिच्छेदात कोणतं काम करत होता आणि ते का संपलं. दुसऱ्यात काय काय शोधलं आणि कशामुळे अडलं. तिसऱ्यात नवं काम, त्याचा एनओसी क्रमांक, जाहिरातींची संख्या, मालकांनी सांगितलेलं. चौथ्यात कोर्स आणि संस्था का. घरच्या अडचणींचं वर्णन लांबवू नका, तपासणाऱ्याला त्यावर गुण देता येत नाहीत.

नकार आला तर कारण लेखी मागा. ‘बाजारात मागणी अपुरी’ असेल तर दुसरा कोर्स शोधा. ‘नोकरीचा शोध अपुरा’ असेल तर महिना-दोन महिने वही भरा आणि पुन्हा अर्ज करा. मंजुरी आली तर करारातल्या तारखा पाठ करा, पावत्या एका पाकिटात ठेवा, आणि आजारपणाने वर्ग बुडाले तर कॉलेज आणि सल्लागार दोघांना त्याच दिवशी कळवा. न सांगता कोर्स सोडला तर मिळालेली रक्कम परत मागितली जाऊ शकते.