हलकी सुपरमोटो सोलापुरात वापरताना या चुका टाळा

मातीवर चालणाऱ्या मोटारसायकलचा सांगाडा, उंच सस्पेन्शन आणि एका सिलिंडरचे इंजिन तसेच ठेवून तिला 17 इंची चाके, डांबरी रस्त्याचे रुंद टायर आणि पुढे मोठी डिस्क बसवली की सुपरमोटो तयार होते. 1979 साली अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी डांबर आणि माती अशा दोन्ही पृष्ठभागांवर मिळून एक शर्यत घेतली गेली आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे कारखान्यातूनच सुपरमोटो म्हणून येणाऱ्या आणि रीतसर पासिंग होणाऱ्या गाड्या अजून मोजक्याच आहेत. डुकाटीची हायपरमोटार्ड 698 मोनो 2024 साली भारतात आली ती साडेसोळा लाखांच्या शोरूम किमतीला. त्यामुळे सोलापुरात या प्रकाराची आवड असलेली बहुतेक मंडळी हिरो एक्सपल्ससारखी, डांबर आणि माती दोन्हींवर चालणारी गाडी घेतात आणि तिची चाके बदलतात. कारखान्यातली असो वा बदललेली, या गाडीच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: रोजच्या कम्यूटर गाडीला जी निगा पुरते तीच हिलाही पुरेल, असे मालक आणि मिस्त्री दोघेही गृहीत धरतात.

चाके बदलण्याआधी

पहिली चूक कागदपत्रांची होते. मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातील नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडकपणे लावले जावे असाच निकाल दिलेला आहे. कलम 182अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गॅरेजमध्ये ‘एमएच 13 पासिंग आहे, कोण विचारतंय’ असे सहज सांगितले जाते, परंतु प्रश्न चौकातल्या पोलिसापुरता नसतो. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी पाहतो तेव्हा न कळवलेला बदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो, आणि समोरच्या माणसाला इजा झालेली असेल तर ती रक्कम मालकाच्या अंगावर येण्याचा धोका असतो. म्हणून चाकांना हात लावण्यापूर्वी आरटीओ कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. परवानगी मिळत नसेल तर मूळ चाकांवरच डांबरी वापराचे टायर बसवून समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक भूमितीची आहे आणि ती आकड्यांतच नीट दिसते. 90/90-21 मापाच्या (रुंदी 90 मिलिमीटर, उंची तिच्या 90 टक्के, रिम 21 इंची) पुढच्या टायरचा व्यास सुमारे 695 मिलिमीटर असतो, तर त्याच्या जागी येणाऱ्या 110/70-17 टायरचा सुमारे 586. म्हणजे पुढचा आस (ॲक्सल) जवळपास 55 मिलिमीटर खाली येतो. मागे 120/80-18 काढून 140/70-17 बसवला तर आस जेमतेम 11 मिलिमीटर खाली जातो. गाडी अशी नाकावर झुकली की हँडल हलके होते, वळणात ती पटकन पडते आणि पुणे महामार्गावर बाजूने ट्रक गेला की पुढचे चाक थरथरू लागते. ‘हँडल वॉबल करतंय’ म्हणून हँडलचे बॉल रेसर, म्हणजे बेअरिंग, बदलले जातात, तरी तक्रार राहतेच, कारण दोष बेअरिंगमध्ये नसून उंचीच्या फरकात असतो. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्या क्लॅम्पमध्ये वर निघालेल्या असतील तर त्या मूळ जागी आणाव्यात, मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कमी करून पाहावा, आणि तरीही फरक पडत नसेल तर ज्याला सस्पेन्शनचे काम खरोखर येते अशा माणसाकडेच गाडी न्यावी.

वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल तर या बदलानंतर मीटर सुमारे 19 टक्के जास्त दाखवतो. काटा 60 वर असताना गाडी 50 च्या आसपास असते, किलोमीटरही जास्त पडतात आणि ॲव्हरेज फसवे चांगले दिसते. साइड स्टँडही आता लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि नवी पेठेतल्या गर्दीत कोणाचा धक्का लागला तरी उजवीकडे आडवी होते. स्टँड मोजून कमी करून घ्यावा आणि तो वर केल्यावर त्याचा स्विच नीट लागतो की नाही तेही तिथेच पाहावे.

चेन घट्ट करण्याची सवय

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती चेनची राहावी. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत मागचे चाक फार वरखाली होत नाही, म्हणून तिथे चेनला बोटभर, म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटर, झोल पुरतो. आपल्या मिस्त्रींचा हात याच मापाला बसलेला आहे. सुपरमोटोत मागचे चाक दोनशे मिलिमीटरच्या आसपास वरखाली होते. पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) मध्य, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली होणाऱ्या भागाचा) बोल्ट आणि मागचा आस हे तीन बिंदू एका रेषेत येतात तेव्हा स्प्रॉकेट आणि आस यांतले अंतर सर्वाधिक असते आणि चेन सर्वांत जास्त ताणलेली असते. गाडी स्टँडवर असताना स्विंगआर्म खाली लोंबलेला असतो, त्यामुळे त्या स्थितीत चेन ढिली दिसणे हेच योग्य असते.

गॅरेजमध्ये नेमके काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. मिस्त्री स्टँडवरच्या गाडीची चेन खालून बोटाने उचलतो, ‘लई सैल आहे’ म्हणतो, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर दोन-दोन फेरे फिरवतो आणि गाडी परत देतो. त्यानंतर होटगी रोडवरच्या एखाद्या खड्ड्यात चाक वर उचलले जाते तेव्हा सस्पेन्शनला दबायला जागाच उरत नाही, कारण ताणलेली चेन त्याला मध्येच अडवते आणि तो सगळा झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर जातो. मालकाला वाटते की शॉकअप कडक झाला. काही आठवड्यांनी पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाखाली तेलाचा ओघळ दिसू लागतो, चालताना घरघर ऐकू येते आणि चेन एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी सैल लागते. ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर चेनच्या आधी शाफ्टचे सील आणि बेअरिंग तपासून घ्यावे.

योग्य पद्धत अवघड नाही. दोघांनी गाडीवर बसून, किंवा पट्ट्याने मागचा भाग खाली ओढून, वर सांगितलेले तीन बिंदू एका रेषेत आणावेत आणि त्या स्थितीतही चेनला थोडा झोल उरतो याची खात्री करावी. मग गाडी स्टँडवर घेऊन तोच झोल पट्टीने मोजावा आणि तो आकडा स्विंगआर्मवर पेनने लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी मिस्त्रीशी वाद घालावा लागत नाही. उत्पादकाचे माप मॅन्युअलमध्ये असतेच. मात्र स्प्रॉकेट किंवा चाक बदललेले असेल तर ही प्रत्यक्ष तपासणी केल्याशिवाय राहू नये. चेनमध्ये रबरी ओ-रिंग असतात, म्हणून ती पेट्रोलने धुऊ नये. रॉकेलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने पुसून 90 नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने हलकेच लावावे आणि उरलेले कापडाने पुसून घ्यावे, नाहीतर त्यावर धूळ बसून त्याचीच कानस होते.

गरम झाल्यावर गाडी सुरू होत नाही

सकाळी एका बटणावर सुरू होणारी गाडी दुपारी पेट्रोल पंपावर बंद केल्यावर पुन्हा लागत नाही, ही तक्रार एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर गेला की, हमखास येते आणि दोष बहुधा उन्हाला दिला जातो. तपासणी मात्र क्रमाने करावी. आधी बॅटरी, कारण या गाड्यांची बॅटरी लहान आणि कॉम्प्रेशन जास्त असते, नंतर साइड स्टँड आणि क्लचचे स्विच, मग प्लग. हे सगळे ठीक असूनही गाडी गरम असतानाच अडत असेल तर टॅपेट सेटिंगकडे, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीकडे, वळावे. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत गेली की व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली ही फट वाढत नाही, उलट कमी होते. इंजिन तापून भाग फुगले की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि गाडी नुसती क्रँक होत राहते. अशा वेळी आयडलिंग वाढवणे किंवा इंजेक्टर साफ करणे म्हणजे दुखणे झाकणे होय. तसेच चालवत राहिल्यास व्हॉल्व्हची कड जळते.

ही फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजायची असते. दुपारी बारा वाजता गाडी चालवत नेऊन तासाभरात सेटिंग करून घेतले तर ते माप चुकीचेच येणार. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडावी आणि सकाळी उघडताच पहिले काम तेच करण्याची विनंती करावी.

धूळ, पाणी आणि धुलाई

सोलापूरच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि एअर फिल्टरमधून ती एकदा आत गेली की पिस्टन रिंगांना घासते. मग तेल कमी होणे आणि निळसर धूर हे मागोमाग येतात. फिल्टर कागदी असेल तर तो धुऊ नये, आतून बाहेर मंद हवा मारावी आणि जुना झाला की बदलावा. फोमचा असेल तर तो साबणाच्या कोमट पाण्यात पिळा न देता धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, फिल्टरचेच तेल लावून बसवावा. पेट्रोलमध्ये बुडवल्याने फोमचे चिकटवलेले जोड सुटतात आणि त्या फटीतून धूळ सरळ इंजिनात जाते. शहराबाहेर मातीच्या रस्त्यावर जाणे असेल तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट पाहू नये.

इंजिन ऑइलची पातळी आठवड्यातून एकदा पाहावी. एका सिलिंडरच्या जोरकस इंजिनात तेल थोडेच असते आणि त्यातले पाव लिटर कमी झाले तरी फरक पडतो.

लिक्विड कूलिंगची गाडी असेल तर रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार आतल्या बारीक नळ्यांत साचतात आणि पंखा सतत फिरूनही सात रस्त्याच्या सिग्नलला तापमानाची पट्टी चढत जाते. तयार मिसळलेले कूलंटच वापरावे. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा रेडिएटरच्या पात्यांवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजवर (जोडदांड्यांवर) मारू देऊ नये. पाती वाकली की हवा आत जात नाही, आणि लिंकेजमधले ग्रीस धुऊन गेले की कुरकुर सुरू होते. पावसाळ्यात चिखल वाळून घट्ट होण्याआधी साध्या पाइपने धुणे सर्वांत चांगले.

टायर आणि ब्रेक

हवा सकाळी, टायर थंड असतानाच भरावी. तापमान दहा अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. तेव्हा भर दुपारी मीटर जास्त दाखवतो म्हणून हवा काढून टाकली तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर कमी हवेवर चालतो, कडा झिजतात आणि खड्ड्यात रिम वाकते. तारांच्या चाकांत आणखी एक काम असते. नव्याने बांधलेल्या चाकाच्या तारा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सैल होतात, म्हणून लहान पान्याने एकेक तार वाजवून पाहावी. सगळ्यांचा आवाज जवळजवळ सारखा टणटणीत यावा. एखादी बद्द वाजली तर तीच एक आवळू नये, चाक जिगवर चढवून पूर्ण ट्रू, म्हणजे फिरताना डोलणार नाही असे, करून घ्यावे.

नवे ब्रेक पॅड बसवल्यावर पहिले काही किलोमीटर हलक्या हाताने ब्रेक लावून ते डिस्कवर बसू द्यावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. लिव्हर स्पंजसारखा दबू लागेपर्यंत थांबू नये. काही गाड्यांत मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करणारा सुपरमोटो मोड असतो. तो बंदिस्त ट्रॅकसाठी आहे, अक्कलकोट रोडवर सरकत वळण घेण्यासाठी नाही. पाय बाहेर काढून वळण्याची शर्यतीतली पद्धतही रस्त्यावर वापरू नये, कारण खड्ड्याच्या कडेला बूट अडकला तर गुडघा वाचत नाही.

आपल्या रस्त्यांवर

ऊस हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चपर्यंत, कारखान्यांच्या वाटांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, अनेकांना मागे रिफ्लेक्टर नसतो आणि पडलेला ऊस चिरडून रस्ता चिकट झालेला असतो. शेताच्या तोंडाशी चाकांनी आणलेला काळा चिखल तर पहिल्या पावसात साबणासारखा होतो. सुपरमोटोचा रुंद, कमी खाचांचा टायर अशा ठिकाणी मातीच्या टायरइतकी पकड देत नाही, हे गाडीचा उंच बांधा पाहून विसरले जाते. तुळजापूरचा घाट या गाडीला फार शोभतो, हे खरे आहे. परंतु नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास त्या वाटेवर सोलापूरहून पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ असते, आणि त्या दिवसांत तिकडे ही गाडी नेऊच नये.

लांब पल्ल्याला निघताना टाकीचा अंदाज आधी घ्यावा. केटीएम 390 एन्ड्युरो आरसारख्या गाडीची टाकी 9 लिटरची आहे, त्यामुळे सुमारे 250 किलोमीटरच्या पुणे प्रवासात मोहोळ-टेंभुर्णीच्या पट्ट्यातच एकदा पेट्रोल भरून घेणे शहाणपणाचे ठरते. वाऱ्याला आडोसा नसल्याने सलग वेगात चालवून मान आणि मनगटे भरून येतात, तेव्हा तासाभराने थांबावे, आणि थांबल्यावर नंबरप्लेटचा ब्रॅकेट, सायलेन्सरचे नट आणि आरशांचे बोल्ट हाताने हलवून पाहावेत, कारण एका सिलिंडरच्या कंपनाने तेच आधी ढिले होतात. तारांची चाके बहुधा ट्यूबची असतात आणि वेड्या बाभळीचा काटा लागला की हवा क्षणात जाते. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे 140 रुंदीच्या टायरची ट्यूब असेलच असे नाही; म्हणून मापाची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, मागच्या आसाचा पाना आणि हातपंप सीटमागे बांधूनच शहराबाहेर पडावे.